ऑफिसची हार्ड डिस्क की क्लाउड? आठ वर्षांचे हिशेब कुठे ठेवायचे

जळगाव एमआयडीसीतले डाळमिलवाले दर मार्चला मला हा प्रश्न विचारतात.

आधी मुदत पक्की करा. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. २०२३-२४ चे कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायदा आठ आर्थिक वर्षं मागतो, म्हणजे तीच पुस्तकं मार्च २०३२ पर्यंत. लांबची तारीख धरा.

डिस्कचा खर्च एकदाच, आणि नेट गेलं तरी बिलं निघतात. चोपडा-रावेरकडे खरेदी असेल तर ही मोठी सोय. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि कॉम्प्युटर असतो वजनकाट्याच्या केबिनमध्ये, धुळीत. एका कापसाच्या जिनिंग मिलची दोन वर्षांची खाती अशीच गेलेली मी पाहिली. बॅकअप होता, पण त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधल्या पेन ड्राइव्हवर, तोही दिवाळीचा. मुनीमजी तीन महिने व्यापाऱ्यांकडे बिलांच्या प्रती मागत फिरले.

क्लाउडला दरवर्षी भाडं आहे, पण बॅकअप माणसाच्या आठवणीवर राहत नाही. शिवाय कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक खात्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज गेलाच पाहिजे, हा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. सेवा देणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: सर्व्हर कुठे आहे, आणि भाडं थांबवलं तर डेटा कसा परत मिळेल.

खरी चूक मात्र दोन्हीकडे सारखीच होते. जुन्या वर्षाची पीडीएफ काढतात आणि मूळ डेटा उडवतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे. कोणती नोंद कधी बदलली ते त्यात दिसतं. पीडीएफमध्ये तो येत नाही. मूळ डेटा आणि तो उघडणारं सॉफ्टवेअर, दोन्ही जपा.

काटापावती थर्मल कागदावर असते, उन्हाळ्यात आकडे उडतात. त्याच दिवशी स्कॅन करून बिलाला जोडा.

कंपनी असेल तर मी क्लाउडच घ्यायला सांगतो, आणि महिन्याला एक प्रत घरच्या कपाटात. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर डिस्क चालेल, पण दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीआधी सर्वांत जुनं वर्ष उघडून त्यातलं एखादं बिल प्रिंट काढून बघा.