सिनेमा की संगीत नाटक? दोन्हीत पैसे घातलेल्याचा हिशेब

"स्क्रिप्ट तयार आहे, गाणीही झालीत, थोडे पैसे उभे राहतील. सिनेमा करू की संगीत नाटक?" असा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. मी पदरमोड करून एक सिनेमा केला आणि आता सहा वर्षं संगीत नाटकाची निर्मिती करतोय, म्हणून लोक विचारतात. फोनवर नीट सांगून होत नाही, तेव्हा एकदा सविस्तर लिहितो. सेन्सॉरचं सर्टिफिकेट, टायटलची नोंदणी, नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, पाठवणं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. त्यावरून कुणाचा निर्णय होत नाही.

पहिला प्रश्न पैशाचा असतो, तर तो आधी घेऊ. सिनेमाचा पैसा एकदाच जातो, पण जातो तेव्हा धबधब्यासारखा. आमचं शूटिंग बावीस दिवसांचं होतं, सगळं सांगली-तासगावच्या पट्ट्यात. राहणं नातेवाइकांकडे, जेवण गावातल्याच बायकांनी केलेलं. तरी अकराव्या दिवशी माझ्याकडचे पैसे संपले आणि उरलेलं शूटिंग मेहुण्याने द्राक्षाच्या पैशातून उचललं. नाटकाचा पैसा वेगळ्या चालीने जातो. उभं करताना एकदा, आणि मग प्रत्येक प्रयोगाला नव्याने: नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन, बॅकस्टेजची मुलं, नेपथ्याचा टेम्पो, मंडळींची बस, पेपरातली जाहिरात, लेखक आणि संगीतकाराची रॉयल्टी. संगीत नाटकात त्यावर वादकांची भर. एखादा रविवार पावसाने धुतला की त्या प्रयोगाचं नुकसान त्याच रात्री रोख मोजावं लागतं. सिनेमावाल्याला हे रोजचं टोचणं नसतं, हे मान्य करायला हवं.

खर्च वाचवण्यासाठी पहिल्या पाच-सहा प्रयोगांत मी वादक न नेता रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर पदं म्हणवून घेतली. कृपा करून हे करू नका. ठाण्यात आमच्या नायिकेचा आलाप त्या दिवशी असा काही लागला होता की ती आणखी दोन आवर्तनं सहज घेणार होती, समोर लोकांचे श्वास थांबलेले, आणि ट्रॅकने ठरल्या सेकंदाला मुखडा वाजवला. तिने पद पुरं केलं, विंगेत आली आणि माझ्याकडे न बघता मेकअप रूममध्ये गेली. पुढच्या प्रयोगापासून ऑर्गन आणि तबला घेतला तो आजतागायत. गायक थांबला की थांबणारा, पुढे गेला की बरोबर जाणारा माणूस शेजारी लागतो.

उत्पन्नाची बाजू मला तरी नाटकाकडे झुकलेली दिसते. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. खिडकीवर आणि ऑनलाइन जमलेल्या पैशातून खर्च वजा केला की उरलेलं आपलं, आणि ते त्याच आठवड्यात हातात येतं. सिनेमाच्या तिकिटातून आधी कर जातो, मग पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा वाटा मल्टिप्लेक्सकडे राहतो, आणि पुढच्या प्रत्येक आठवड्याला आपला वाटा आणखी खाली येतो. आता विचार करा. आपला सिनेमा स्टारच्या नावावर चालणारा नसतो, बघितलेल्याने शेजाऱ्याला सांगितलं तर चालतो. म्हणजे त्याला गर्दी व्हायची तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होणार, आणि नेमका तेव्हा आपला हिस्सा घटलेला असतो. शासनाचं अनुदान सिनेमालाही आहे, नाटकालाही आहे. दोन्हीकडे ते उशिरा येतं असा माझा अनुभव, त्यामुळे हिशेबात धरू नका.

सिनेमाच्या बाजूने बोलायचं तर एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे नाटकवाल्याने गप्प बसावं. सिनेमा दूरवर जातो. २००४ साली 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि भारतातर्फे तो ऑस्करला पाठवला गेला, तेव्हा मी कॉलेजात होतो. आपल्यासारखी माणसंही हे करू शकतात असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. २०१४ ला चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' व्हेनिसमध्ये दोन पारितोषिकं घेऊन आला. २०२५ ला रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ने सनडान्सचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलं. ही सगळी मराठीतली कामं. माझा सिनेमा त्या पंक्तीतला नाही, पण जर्मनीतल्या एका लहानशा महोत्सवात तो लागला होता. खेळ संपल्यावर एका वृद्ध बाईंनी मला विचारलं, "त्या विहिरीला पुढे पाणी लागलं का?" आमच्या गावच्या विहिरीची काळजी तिथल्या माणसाला वाटली, हे समाधान मला नाटकाने अजून दिलेलं नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला नाटकं अमेरिकेत जातात, पण समोर आपलीच माणसं असतात, आणि वादक धरून चौदा जणांच्या व्हिशांपायी निर्माता अर्धा होतो.

शिवाय सिनेमा टिकतो. नाटकातली मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली की तिच्याबरोबर पाच पदंही जातात. दुसरी गाणारी नटी मिळेपर्यंत आम्ही एकदा चार महिने बंद होतो. अभिनय येतो आणि गळाही आहे अशी माणसं आज बोटांवर मोजण्याइतकी. गोव्यात अजून बरी परिस्थिती आहे, तिथे गावोगावच्या जत्रेत संगीत नाटक होतं आणि गाणारी, ऑर्गन वाजवणारी पोरं तयार होतात. आमचा ऑर्गनवाला फोंड्याचाच आहे.

याच्या उलट, नाटक दुरुस्त करता येतं. दुसऱ्या अंकातलं एक पद मला फार प्रिय होतं, पण चौथ्या प्रयोगाला तिथेच लोक चुळबुळायला लागले. पाचव्या प्रयोगाला ते काढलं, संध्याकाळी त्या जागी शांतता होती. सिनेमात एका प्रसंगात मागच्या भिंतीवर मायक्रोफोनची सावली आहे. ती मला आजही दिसते आणि माझ्यानंतरही राहील.

एवढ्यावर काटा जवळपास मध्यावर राहतो. तो ज्या गोष्टीने एका बाजूला गेला ती आता सांगतो. कुणाला ती किरकोळ वाटेल. सिनेमाचा निर्माता असून मला माझ्याच माणसांना "अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी या" एवढं सांगता येत नव्हतं.

आमचा सिनेमा शुक्रवारी लागणार होता. सोमवारपासून मी वितरकाला विचारत होतो, सांगलीत कुठे आणि किती वाजता? बुधवारी "उद्या कळेल" असं उत्तर आलं. गुरुवारी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर यादी आली. सांगलीत एकच शो, सकाळी सव्वादहा. रात्रीच सगळ्यांना फोन लावले. इस्लामपूरजवळच्या गावात माझी आत्या राहते. तिच्या अंगणात आम्ही तीन दिवस शूटिंग केलं होतं, तिच्या चुलीवरचं पिठलं युनिटने खाल्लं होतं. भिशीतल्या बायका घेऊन शनिवारी येते म्हणाली. वडापची जीप ठरवली, अकरा जणी, दोघींनी नव्या साड्या नेसलेल्या. पावणेदहाला थिएटरवर पोचल्या आणि मला फोन आला. "अरे, तुझा सिनेमा आता इथं नाही म्हणत्यात. रात्री दहाला आहे म्हणं. आम्ही कुठं थांबायचं तोवर?"

शुक्रवारी एकोणीस तिकिटं गेली होती. रात्रीतून वेळ बदलली गेली आणि ते मलाही कुणी कळवलं नाही. मॅनेजरशी बोललो. त्याचं म्हणणं त्याच्या जागी खोटं नव्हतं, रिकाम्या खुर्च्या त्यालाही परवडत नाहीत. त्या अकरा जणी गणपतीच्या देवळात जाऊन आल्या, हरभट रोडवर चहा घेतला आणि परत गेल्या. सोमवारी सिनेमा उतरला. आत्याने तो दिवाळीत माझ्या लॅपटॉपवर बघितला, मध्ये तीनदा उठून.

२०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला होता. थिएटरवाल्यांशी बोलणी झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ हा सगळाच प्राइम टाइम ठरला. तेव्हा मी त्यावर फार विचार केला नव्हता. अकरा बायका रस्त्यावर उभ्या राहिल्यावर कळलं की पडदा माझा नाही आणि वेळही माझी नाही, दोन्ही दुसऱ्याच्या मर्जीवर आहेत. इतरांना चांगले वितरक भेटले असतील, चांगल्या वेळा मिळाल्या असतील. मी माझ्यापुरतं सांगतो.

नाटकात 'तारीख' हा शब्द ज्या वजनाने उच्चारतात ते वजन तेव्हापासून मला कळतं. नाट्यगृहाच्या तारखांचं वाटप तीन-तीन महिन्यांचं होतं. शनिवार-रविवार मिळवायला झगडावं लागतं, नव्या संस्थेच्या वाट्याला मंगळवार-बुधवार येतात, मोठ्या निर्मात्यांच्या नंतर आपली पाळी येते. हे सगळं खरं आहे. एकदा तर एका सरकारी समारंभासाठी आमची तारीख आठ दिवस आधी काढून घेतली. त्याचा राग आजही आहे. पण ते आठ दिवस मिळाले, जाहिरात थांबवता आली, तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला फोन करता आला. एरवी तारीख मिळाली की ती आपली. बुकिंग उघडलं की मी अजूनही खिडकीवर जाऊन बसतो. समोर प्लॅनचा कागद, त्यावर एकेका खुर्चीवर पेन्सिलची फुली पडत जाते. ऑनलाइनचा आकडा फोनवर दिसतो, पण ओळ 'एफ'च्या चार खुर्च्या एकदम फुलल्या की कुठलं तरी घर येतंय हे कळतं. सिनेमाचे पैसे कुठून आले आणि कुणी दिले हे मला कधीच दिसलं नाही.

नाट्यगृहांची अवस्था मात्र गृहीत धरू नका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या वास्तूत आम्ही तीन प्रयोग केले होते, माइक न घेता म्हटलेली ओळ शेवटच्या रांगेपर्यंत जायची. आमचा दक्षिण महाराष्ट्राचा दौरा त्यानंतर बरेच दिवस लंगडा होता.

ही ओढाताण जुनी आहे. 'राजा हरिश्चंद्र' काढणारे दादासाहेब फाळके कंपनीतल्या मतभेदांनी सिनेमा सोडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहून बसले. ते फारसं चाललं नाही आणि ते सिनेमाकडे परतले. बालगंधर्व उलट्या वाटेने गेले. कर्जाने बेजार होऊन 'प्रभात' फिल्म कंपनीत आले, १९३५ च्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. त्या सिनेमाचं नाव आधी 'महात्मा' होतं, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावं लागलं. पुढे ते पुन्हा रंगभूमीवरच आले. ज्यांना समोरून 'वन्स मोअर' ऐकायची सवय होती, त्यांना कॅमेऱ्यासमोर तुकड्या-तुकड्याने गाताना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

तेव्हा तुमच्या गोष्टीला मातीचा रंग, माणसाचा जवळून दिसणारा चेहरा, लांबचा रस्ता लागत असेल, आणि दोन-अडीच वर्षं उत्तराची वाट बघत बसण्याची तुमची ताकद असेल, तर सिनेमा करा. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या बरोबरीने भरणाऱ्या फिल्म बाजारला, म्हणजे सिनेमावाल्यांच्या व्यापारी मेळ्याला, अर्धवट कट घेऊन जरूर जा. घरी बसून ओळखी होत नाहीत. पण गोष्ट गाण्यातून पुढे सरकत असेल, पद काढलं तर प्रसंगच कोसळत असेल, तर मला वाटतं तुम्ही नाटकच लिहिलंय. आधी दोन गाणारी माणसं आणि एक ऑर्गनवाला गाठा, घरच्या हॉलमध्ये वाचन करा, एकांकिका म्हणून पन्नास लोकांसमोर करून बघा. चाळीस हजारांत कळेल. सिनेमात तेच कळायला चाळीस लाख लागतात. गायकाचा आवाज बसला तर काय, असं लोक विचारतात. चिपळूणला आमच्या नायकाचा बसला होता. ऑर्गनवाल्याने काळी दोनची पट्टी काळी एकवर आणली, म्हणजे सूर खाली घेतला, भैरवी एका कडव्याची केली, आणि प्रयोग पार पडला. प्रेक्षकांतल्या एका आजोबांनी आत येऊन त्याला खडीसाखर दिली.

पुढच्या महिन्यात सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात रविवार दुपारची तारीख मिळालीय. आत्याने पंधरा तिकिटं ठेवायला सांगितलीत. परतीच्या जीपवाल्याला सांगायचंय म्हणून प्रयोग कधी सुटेल ते विचारत होती. साडेबाराला तिसरी घंटा, सव्वातीनला सुटेल, असं मी तिला सांगितलं.