एल्डर वाँड: ग्रिंडेलवाल्ड की वोल्डेमॉर्ट?

हॅरी पॉटरमधली एल्डर वाँड म्हणजे सगळ्यात ताकदवान जादूची कांडी, आधीच्या मालकाला हरवलं तरच ती खरी आपली होते. ग्रिंडेलवाल्ड आणि वोल्डेमॉर्ट या दोन्ही खलनायकांनी ती चोरलीच, पण माझ्या मते ग्रिंडेलवाल्ड जास्त हुशार निघाला. वाँड बनवणाऱ्या ग्रेगोरोविचच्या वर्कशॉपमधून वाँड उचलून तो सरळ पळाला नाही, खिडकीत बसून राहिला, म्हातारा दारात आल्यावर त्याला बेशुद्ध करणारा मंत्र मारला आणि मग हसत हसत बाहेर उडी. म्हणजे मालकाला हरवलं, वाँड खरोखर त्याची झाली. पुढे 1945 मध्ये डंबलडोरने (जो नंतर हॅरीच्या शाळेचा हेडमास्तर होता) त्याला हरवलं तेव्हा ती डंबलडोरची झाली.

वोल्डेमॉर्टने काय केलं, तर डंबलडोरची कबर फोडून मेलेल्याच्या हातातून घेतली, हरवलं कोणालाच नाही. त्याला वाटलं डंबलडोरला स्नेपने मारलं म्हणजे वाँड स्नेपची, त्याला मारलं की झालं, स्नेप बिचारा फुकट गेला, कारण डंबलडोरच्या हातातून वाँड आधीच शाळकरी ड्रॅकोने उडवली होती आणि ड्रॅकोला नंतर हॅरीने हरवलं. वोल्डेमॉर्टने कधी ड्रॅकोकडे लक्षच दिलं नाही, मारणं म्हणजेच जिंकणं एवढंच त्याला कळायचं.

ताकदीत वोल्डेमॉर्ट भारी असेलही. पण नुर्मेनगार्डच्या कोठडीत म्हातारा ग्रिंडेलवाल्ड त्याच्या तोंडावर खोटं बोलला की वाँड माझ्याकडे कधी नव्हतीच, तिथे मला तो खरंच आवडला, मरण समोर असताना असं बोलायला जिगर लागते यार.