दात डब्लिनला करायचे की पुण्याला? आयरिश टॅक्स धरून हिशोब

सुट्टीला घरी जायचं ठरलं की आमच्याकडे दरवेळी हाच विषय, दाढ इथेच करून घेऊ की पुण्याला गेल्यावर बघू, आणि मग कुणीतरी म्हणतंच की इथे केलं तर टॅक्स परत मिळतो ना. तर आधी हे सांगते की पुण्यात केलं तरी मिळतो. आयर्लंडमधे टॅक्स भरत असाल तर दातांच्या मोठ्या कामाच्या खर्चावर २० टक्के परत मिळतात, आणि काम देशाबाहेर झालं असलं तरी चालतं, अट एवढीच की डेंटिस्ट त्या देशाच्या कायद्याप्रमाणे क्वालिफाइड पाहिजे. म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे रजिस्टर्ड असलेला, आणि तो नंबर बिलावर घेऊन ठेवा.

आता कुठलं काम धरतात. रूट कॅनल, कॅप, ब्रिज, व्हिनियर, ब्रेसेस, हिरडीत अडकलेल्या अक्कलदाढेचं ऑपरेशन हे सगळं बसतं. क्लीनिंग, साधं फिलिंग, साधा दात काढणं, कवळी यावर काही मिळत नाही, मग ते डब्लिनला करा नाहीतर डेक्कनला. इम्प्लांटला अटी आहेत, तो करायचा असेल तर मेड २ फॉर्मवरची (क्लेमसाठी डेंटिस्टकडून भरून घ्यायचा तो) यादी आधी नीट वाचा.

पैशाचं बोलू. मला इथे एका दाढेचं रूट कॅनल आणि कॅप मिळून १,७०० युरो सांगितले होते, पुण्यात तेच १८,००० रुपयांत झालं, युरोला ९० रुपये धरले तर २०० युरो. २० टक्के वजा केले की डब्लिनचे १,३६० राहतात आणि पुण्याचे १६०. इथे बरेच जण फसतात, ३४० युरो परत मिळणार हे ऐकून इथलं काम स्वस्त वाटायला लागतं आणि पुण्याचे फक्त ४० मिळणार म्हणून तो फॉर्म भरतच नाहीत, पण बघायचं असतं ते खिशातून शेवटी किती गेले ते. विमानाचं तिकीट मात्र टॅक्सच्या क्लेममधे धरत नाहीत. त्यामुळे फक्त एका दाढेसाठी तिकीट काढून जाण्यात फारसं हशील नाही, घरी जाणारच असाल आणि तीन-चार दातांचं काम असेल तर पुणे, आणि ठणका लागला असेल तर वाट न बघता इथेच. मधला मार्ग पण आहे, न्यूरी. डब्लिनहून गाडीने साधारण तासा-सव्वातासावर, ते नॉर्दर्न आयर्लंडमधे असल्यामुळे बाहेरच्या देशातलंच काम धरलं जातं आणि नंतर कॅप हलली तर परत दाखवायला जाता येतं. पुण्याची कॅप हलली की इथला डेंटिस्ट वेगळे पैसे घेतो, ते मी भरलेत.

आणि कागद! पहिल्या वेळी मला क्लिनिकने लेटरहेडवर पेनने एकच ओळ लिहून दिली, दातांची ट्रीटमेंट, ६०,००० रुपये, खाली सही. त्यात तीन दाढांचे ५४,००० होते आणि बाकीचं क्लीनिंग-फिलिंग, पण कागदावरून ते कळणार कसं? इथे येऊन आठ महिने व्हॉट्सॲपवर मागे लागले तेव्हा वेगळं बिल आलं. आता मी मेड २ फॉर्मची प्रिंट सोबतच नेते आणि शेवटच्या सिटिंगला खुर्चीतून उठायच्या आधी डॉक्टरांकडून कामाप्रमाणे रक्कम, तारीख, सही-शिक्का घेते. पैसे कार्डाने दिले तर बँकेच्या स्टेटमेंटवर युरोतली रक्कम आयतीच मिळते. क्लेम आयरिश टॅक्स खात्याच्या मायअकाउंट या साइटवरून ऑनलाइन होतो, फॉर्म पाठवायचा नसतो पण सहा वर्षं जपून ठेवायचा. मुदत चार वर्षांची, म्हणजे २०२२ च्या खर्चासाठी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत.

अमेरिकेतल्या बहिणीला मी हेच सांगायला गेले तर तिचं गणितच वेगळं निघालं. तिकडे फिलिंगसुद्धा धरतात, पण वर्षभराचा मेडिकल खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वर गेला तरच वरचा भाग मोजतात, आणि तोही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी ठरावीक वजावट, सोडून सगळं आयटमाइज केलं, म्हणजे एकेक खर्च मांडून दाखवला तर. लाख डॉलर उत्पन्नाला पहिले ७,५०० गेलेच. पुण्याच्या स्वस्त बिलाने तिथवर पोचणं अवघड, तिच्यासाठी एचएसएमधून, म्हणजे मेडिकल खर्चासाठी टॅक्स न लागता पैसे साठवायच्या तिकडच्या खात्यातून, पैसे देणं जास्त सोपं.

आयर्लंडवाल्यांसाठी अजून एक, जे फार कमी जणांना माहीत असतं. खर्च तुम्ही केला असेल तर पेशंट तुम्हीच असायला पाहिजे असं नाही. यंदा बाबांच्या ब्रिजचे पैसे मी माझ्या कार्डावरून दिले आणि त्यांच्या नावाचा मेड २ भरून घेतला.