इन्स्टॅक्स मिनी १२ : कृतज्ञतेच्या वहीसाठी हा कॅमेरा कितपत कामाचा?

आधी निकाल. रोजच्या जगण्यातलं एखादं दृश्य टिपायचं, त्याखाली दोन शब्द लिहायचे आणि वहीत लावायचं, असा नेम धरायचा असेल तर फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी १२, म्हणजे बटण दाबताच कागदी फोटो बाहेर देणारा कॅमेरा, चांगला सोबती आहे. पण असा नेम धरणाऱ्याच्या मनात पहिला येतो तो फोटो, म्हणजे देवघरातली तिन्हीसांजेची समई, तोच या कॅमेऱ्यात सगळ्यात वाईट येतो. विकत घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

२०२३ च्या मार्चमध्ये आलेलं हे मॉडेल. सेल आणि फिल्म न धरता वजन ३०६ ग्रॅम. दोन पेन्सिल सेल लागतात, तेही अल्कलाइनच घालावेत; एका जोडीत साधारण दहा पॅक, म्हणजे शंभरेक फोटो निघतात. लेन्सची नळी एकदा फिरवली की कॅमेरा चालू, आणखी एक टप्पा फिरवली की क्लोज-अप. संपलं. स्क्रीन नाही, डिलीट नाही, टायमर नाही, उजेड कमी-जास्त करायचं बटण नाही. लेन्स ६० मिमी, एफ १२.७, म्हणजे उजेड आत घेणारं भोक बारीक; शटर किती वेळ उघडं राहायचं ते अर्ध्या सेकंदापासून १/२५० सेकंदापर्यंत आपलं आपण ठरतं. आणि फ्लॅश दर वेळी पडतोच, तो बंद करता येत नाही. या एका गोष्टीवर पुढे बरंच लिहावं लागणार आहे.

निघणारा फोटो एटीएम कार्डाएवढा, ८६ × ५४ मिमी. त्यात प्रत्यक्ष चित्र ६२ × ४६ मिमी, बाकी पांढरी किनार, खालची बाजू रुंद. एका पॅकमध्ये दहा फोटो. दुकान आणि पॅकप्रमाणे भाव बदलतो, पण एक फोटो ढोबळमानाने साठ-सत्तर रुपयांना पडतो असं धरून चालावं.

महाग वाटतं ना? या नेमात तोच त्याचा गुण आहे. फोनमध्ये एका सूर्यास्ताचे तेवीस फोटो पडून असतात आणि एकही पुन्हा बघितला जात नाही. इथे बटण दाबण्याआधी हात थांबतो आणि त्या थांबण्यात डोळा कामाला लागतो. चोग्याम त्रुंग्पा या तिबेटी बौद्ध गुरूंच्या शिकवणीतून पुढे आलेली छायाचित्रणाची एक साधना आहे, मिक्संग नावाची; तिबेटी भाषेत त्याचा अर्थ ‘चांगला डोळा’. तिच्यात तीन टप्पे सांगतात. एखादी गोष्ट अचानक नजरेत भरते तो क्षण ओळखायचा; नेमकं काय भरलं, रंग, पोत की सावली, हे थांबून बघायचं; आणि मग जेवढं भरलं तेवढंच चौकटीत घ्यायचं, जास्त नाही. मिनी १२ ला तसंही तिसऱ्या टप्प्यापलीकडे काही जमत नाही. सावता माळ्याला विठोबा मळ्यातच भेटला. आपल्याला तो भाजीच्या पिशवीत भेटायला हरकत नसावी.

रोज एक फोटो असा संकल्प मात्र करू नका. दोन हजार रुपये महिना जातात आणि तिसऱ्या आठवड्यात चहाच्या कपाचे फोटो सुरू होतात. दर तीन दिवसांनी एक, म्हणजे महिन्याला एक पॅक, हा वेग टिकतो. मधले दोन दिवस नुसतं बघायचं.

आता अंतराचं गणित, कारण पहिल्या पॅकमधले निम्मे फोटो इथेच वाया जातात. क्लोज-अपची हद्द ३० ते ५० सेंमी, साधी हद्द ५० सेंमीच्या पुढे. ३० सेंमीपेक्षा जवळ गेलात की फोटो धूसर येणार, त्याला इलाज नाही. ३० सेंमीवर चौकटीत साधारण २५ × १८ सेंमी एवढी जागा मावते. म्हणजे वाटी मावते, पण चौकटीत लहान दिसते; वहीचं पान छान बसतं; जेवणाचं भरलेलं ताट मावत नाही, त्याला अर्ध्या मीटरपर्यंत मागे यावं लागतं. अंगठी, मुंगी, पारिजातकाचं एक फूल यांचा नाद सोडा. पारिजातकाचा सडा घ्या. दुसरी गफलत खिडकीची. बघायची खिडकी लेन्सच्या शेजारी असल्यामुळे जवळची वस्तू सरकून एका बाजूला जाते. या मॉडेलमध्ये क्लोज-अपचा टप्पा लावला की खिडकीतली नजरही जुळवून घेतली जाते, तेव्हा मधलं वर्तुळ वस्तूच्या मध्यावर धरायचं. नळी पहिल्याच टप्प्यावर ठेवून जवळचा फोटो काढला तर वस्तू अर्धी कापली जाते, वर धूसरही येते.

आता समई. संध्याकाळचं देवघर, खोलीत अंधार, पितळ घासून लख्ख. समोरून फोटो काढला की फ्लॅशचा पांढरा ठिपका थेट समईच्या पोटावर बसतो, मागची भिंत काळी पडते, आणि ज्योत, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती पिवळट टिंब होऊन राहते. तसबिरीच्या काचेवर तर सगळा झगमगाटच. यावर तीन उपाय आहेत, तिन्ही अर्धवट. एक, समोरून न काढता तीस-चाळीस अंश तिरकं उभं राहायचं. मग उलटून येणारा झोत लेन्सऐवजी दुसरीकडे जातो. सपाट काचेला हे चांगलं लागू पडतं. गोल समईवर ठिपका राहतो, फक्त मधून कडेला सरकतो. दोन, फ्लॅशच्या काचेवर पांढऱ्या टिश्यूची दुहेरी घडी चिकटपट्टीने लावायची, पण शेजारची प्रकाश मोजणारी बारीक छिद्रं झाकू द्यायची नाहीत, नाहीतर कॅमेऱ्याचा हिशोबच चुकतो. अंधारात शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडं राहू शकतं, तेव्हा कॅमेरा पाटावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून, श्वास रोखून बटण दाबायचं. तीन, संध्याकाळ सोडून द्यायची आणि सकाळच्या पूजेच्या वेळी खिडकीपाशी निरांजन ठेवायचं. खोलीत उजेड असला की फ्लॅशचा जोर जाणवत नाही, पितळेचा रंगही खरा येतो. तिसऱ्या उपायाने सगळ्यात बरे फोटो येतात. पण तिन्हीसांज ती तिन्हीसांज.

देवळात हा कॅमेरा पिशवीतच राहू द्या. बऱ्याच ठिकाणी गाभाऱ्यात फोटोला मनाई असते, आणि जिथे परवानगी असते तिथेही फ्लॅश सहसा चालत नाही.

पांढऱ्या रंगाशीही याचं फारसं पटत नाही. इन्स्टंट फिल्मला उजेड-अंधारातला मोठा फरक झेपत नाही. दुपारच्या उन्हात अंगणातली पांढरी रांगोळी, मोगऱ्याचा गजरा, वाळत घातलेलं धोतर यांचे नुसते पांढरे डाग होतात आणि सावलीतलं सगळं काळं. रांगोळीसाठी सकाळची सावली गाठायची, सरळ वरून न काढता थोडं बाजूने काढायचं, आणि कुंकवाची बोटं किंवा एखादं जास्वंद चौकटीत येऊ द्यायचं. रंग असला की डोळ्याला आधार मिळतो. स्वयंपाकघरात दुसराच घोटाळा. तव्यावर टम्म फुगलेली भाकरी घ्यायला गेलं की वाफेवर फ्लॅश पडतो आणि फोटोभर दुधी पडदा येतो. वाफ बाजूला जाईपर्यंत दोन सेकंद थांबा, किंवा खिडकीकडे पाठ करून उभे राहा. फ्लॅशची पोच ३० सेंमी ते २.२ मीटर, त्यामुळे रात्री गच्चीवरून दिसणारी दिवाळी यात येत नाही, समोरच्या कठड्यावरची पणती येते.

फोटो बाहेर येतो तेव्हा वरच्या फटीवर बोट नको. फिल्मच्या कडेला रसायनाची पुडी असते, बाहेर येताना दोन रोलर ती फोडून सारखी पसरवतात. मध्ये अडथळा आला की ती पसरण थांबते आणि चित्रात पट्टा उमटतो. हलवू नका. फोटो झटकायची सवय सिनेमांनी लावली आहे, तिचा उपयोग शून्य, उलट आतले थर हलू शकतात. पालथा ठेवून दीड मिनिट थांबा. ठरावीक अंतरावर तेच ते ठिपके यायला लागले तर रोलरला कचरा चिकटला असं समजा. पॅक संपल्यावर मागचं दार उघडून किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा. पॅक चालू असताना दार उघडलं तर उरलेल्या फिल्मवर उजेड जातो.

फिल्मला ५ ते ४० अंश तापमान मानवतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर काढलेल्या फोटोंचे रंग घसरले तर दोष कॅमेऱ्याचा नाही. उन्हातल्या गाडीत तर कॅमेरा ठेवूच नका. शिकागो-टोरांटोकडच्या मराठी घरांत नेमकं उलटं. बर्फात फोटो काढला की लगेच कोटाच्या आतल्या खिशात टाका, नाहीतर तो फिका, निळसर राहतो. न उघडलेले पॅक फ्रिजमध्ये ठेवता येतात, मात्र उघडण्याआधी काही तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. विमानप्रवासात फिल्म हातातल्या सामानात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

किनारीवर लिहायला जेल पेन नको, गुळगुळीत पृष्ठभागावर शाई फिस्कटते. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या आणि मिनिटभर सुकू द्या. जागा दोन-तीन शब्दांची. ‘मी कृतज्ञ आहे’ वगैरे लिहून ती भरू नका. तारीख आणि नाव पुरतं. ‘१२ जुलै, दूधवाले काका, पावसात’ एवढ्यात सगळं आलं. अल्बम पॉलिप्रोपिलीनच्या कप्प्यांचा असावा. स्वस्त पीव्हीसीचे कप्पे चिकटतात. कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने अल्बमबरोबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने फोटो बिघडतो. कात्रीने कापूही नका. आतलं रसायन क्षारीय असतं, हाताला आणि डोळ्याला वाईट.

एक सुख मात्र या कॅमेऱ्यासारखं दुसरीकडे नाही: फोटो तिथल्या तिथे देऊन टाकता येतो. इस्त्रीवाल्या दादांना, सोसायटीच्या वॉचमनना, भाजीवाल्या मावशींना विचारून फोटो काढावा, हातावर ठेवावा आणि दीड मिनिट दोघांनी मिळून तो उमटताना बघावा. निगेटिव्ह नसते, प्रत एकच. वहीसाठी दुसरी हवी असेल तर लगेच आणखी एक काढा, नाहीतर देण्याआधी मोबाईलवर टिपून ठेवा. खिडकीच्या उजेडात, दिव्याखाली नको, चमक येते.

समईशिवाय ज्यांचं चालणारच नाही त्यांनी याच कंपनीचा मिनी ९९ बघावा. फिल्म तीच, पण फ्लॅश बंद करता येतो आणि उजेडाचे पाच टप्पे आहेत. किंमत बरीच जास्त. फोनवरून त्याच फिल्मवर छापणारा मिनी लिंक प्रिंटरही मिळतो. त्याने समई सुरेख येते, पण पुन्हा तेवीसातला एक निवडत बसावं लागतं. फक्त आल्बम भरायचा असेल तर कॅननचा सेल्फी सीपी १५०० हा पोस्टकार्डाएवढे फोटो छापणारा प्रिंटर जास्त परवडतो. त्यात कागद चार वेळा आत-बाहेर करतो: पिवळा, मॅजेन्टा, सायन आणि शेवटी वरचा संरक्षक थर. ते बघायलाही मजा येते.

मिनी १२ घेतलाच, तर फिल्मच्या खोक्यावरची मुदत बघून घ्या आणि एक गोष्ट जपून ठेवा. नवा पॅक घातल्यावर पहिल्या क्लिकला फोटो येत नाही, फिल्म झाकणारा काळा पातळ तक्ता बाहेर येतो. त्यात रसायन नसतं, तो बिनधास्त कापता येतो. त्याला मधोमध ६२ × ४६ मिमीची खिडकी पाडा आणि डोळ्यापासून सहा सेंटिमीटरवर, म्हणजे तीन-चार बोटांवर धरा. लेन्स ६० मिमीची असल्यामुळे त्या खिडकीतून जेवढं दिसेल, जवळपास तेवढंच फोटोत येईल. दोन फोटोंच्या मधल्या दोन दिवसांत हा तक्ता खिशात असू द्या.