सासूबाईंना इंग्लिशमधून आलेला अपघाताचा मेसेज, आणि क्रॅश डिटेक्शनचा रिव्ह्यू

आधीच सांगते, गाडी मी चालवत नाही. गाडी नवरा चालवतो, दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी ऑफिस सुटलं की पुण्याहून चिपळूणला, बहुतेक वेळा एकटाच, कारण सासूबाई तिकडे असतात आणि त्यांना पुण्यात दोन दिवसांच्या वर करमत नाही. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. पावसाळ्यात घाटात कधीकधी धुकं इतकं असतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा जवळ गेल्यावरच दिसतात. क्रॅश डिटेक्शन म्हणजे फोनने अपघात स्वतः ओळखून घरच्यांना कळवायची सोय. तर हा रिव्ह्यू ज्याच्या फोनमध्ये असं अ‍ॅप आहे त्याचा नाहीये, जिला मेसेज येतो तिचा आहे. मी जेवढे रिव्ह्यू बघितले ते सगळे सेन्सर किती भारी यावरच होते, मेसेज आल्यावर घरच्यांचं काय होतं ते कोणीच लिहिलेलं नाही.

पहिलं अ‍ॅप आम्ही स्टोअरवरून घेतलं, फुकटवालं, नाव घेत नाही. मागच्या पावसाळ्यात पाटणच्या अलीकडे कुठेतरी पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर आला, नवऱ्याने करकचून ब्रेक मारला आणि फोन स्टँडमधून उडून शेजारच्या सीटखाली गेला. अ‍ॅपला वाटलं झाला अपघात. 30 सेकंदांत "मी ठीक आहे" दाबायचं असतं, पण फोन सीटखाली, बाहेर पाऊस, मागे ट्रक, तो गाडी कुठे बाजूला घेणार. गेले मेसेज. मला, ठाण्याला भाऊजींना, आणि चिपळूणला सासूबाईंना.

मी शाळेत पालकसभेत होते. मेसेज इंग्लिशमध्ये, खाली मॅपची लिंक, लिंक उघडली तर हिरवं रान आणि नदीचं एक वळण, बाकी काही नाही. फोन केला, उचलत नाही. परत केला. सातवेळा केला. एका आईला तिच्या मुलाच्या गणिताबद्दल सांगत होते ते वाक्य माझं आजपर्यंत पूर्ण झालेलं नाही. तिकडे सासूबाईंना इंग्लिश येत नाही, पण लेकाचं नाव आणि सगळी मोठी अक्षरं बघून त्या घाबरल्या आणि फोन घेऊन शेजारच्या दुकानात गेल्या, तिथल्या पोराने मोठ्याने वाचलं, क्रॅश, इमर्जन्सी. मग मला फोन, "अगो काय झालं गो त्याला, माका कोण सांगत नाय". मी काय सांगणार, मलाच माहीत नाही. भाऊजी तोवर ठाणे स्टेशनवर उभं राहून 112 ला समजावत होते की नाही हो, मी ठाण्यात आहे, अपघात पाटणला आहे.

14 मिनिटांनी नवऱ्याचा फोन. चहाला थांबलो तेव्हा सीटखालून काढला म्हणे, एवढे मिस्ड कॉल का, काय झालं?

काय झालं!

ते अ‍ॅप त्याच रात्री उडवलं. पण एक खरं सांगते, राग उतरल्यावर दोघांनाही हेच वाटलं की समजा खरंच झालं असतं, तर अशी काहीतरी सोय हवीच. म्हणून मग नीट शोधाशोध केली.

फोनला कळतं कसं, तर फोनमधल्या मोशन सेन्सरना अचानक जोरदार झटका जाणवतो, त्याच वेळी जीपीएसवर वेग एकदम पडतो, माइकला ठोकरीचा आवाज मिळतो, असं सगळं जुळलं की तो ठरवतो. आयफोनमध्ये हे 14 मॉडेलपासून आहे, म्हणजे 2022 पासून, त्यात 256 जीपर्यंतचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 256 पट, झटका मोजणारा सेन्सर टाकलाय आणि हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर पण वापरतात, कारण एअरबॅग फुगली की बंद गाडीतला दाब बदलतो. हे मला फार आवडलं, शाळेत मुलांना सांगितलं पण. आमच्या त्या फुकट अ‍ॅपचं बहुतेक नुसत्या झटक्यावर भागत असणार. पण मोठ्या कंपन्यांचं सुद्धा चुकतं बरं का, अमेरिकेत आयफोन 14 नवीन आला तेव्हा रोलरकोस्टरवर बसलेल्या लोकांचे फोन आपोआप इमर्जन्सीला लागत होते, बर्फात स्कीइंग करणाऱ्यांचे पण. नंतर अपडेट देऊन सुधारणा केल्या. तिकडे रोलरकोस्टर, आपल्याकडे स्पीडब्रेकर.

भाऊजींकडे आयफोन 15 आहे. त्यात हे आधीपासून चालूच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही, पैसे नाहीत. मोठी धडक कळली की स्क्रीनवर विचारतो, मग मोठ्याने वाजतो, 20 सेकंदांत काही केलं नाही तर स्वतः इमर्जन्सी नंबर लावतो आणि रेकॉर्ड केलेला आवाज अक्षांश-रेखांश सांगत राहतो. घरच्यांना मेसेज त्यानंतर जातो, पण कधी, तर हेल्थ अ‍ॅपमधल्या मेडिकल आयडीत त्यांची नावं भरली असतील तरच. भाऊजींनी दोन वर्षं भरली नव्हती. दोन वर्षं! दिवाळीला आले तेव्हा मी स्वतः बसून भरली, ब्लड ग्रुपसकट. बाय द वे, भारतात आयफोनचं साइडचं बटण पटापट 3 वेळा दाबलं की एसओएस, म्हणजे इमर्जन्सी कॉल, लागतो, हे पण त्यांना माहीत नव्हतं.

नवऱ्याने पिक्सेल 8ए घेतला, थोडंफार माझ्या कटकटीमुळे. गूगलने पिक्सेलमध्ये हे अमेरिकेत 2019 मध्येच आणलं होतं, भारतात यायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. इथे उलटं आहे, सेफ्टी अ‍ॅपमध्ये जाऊन तुम्हाला स्वतः चालू करावं लागतं, लोकेशन, माइक वगैरे परवानग्या द्याव्या लागतात, आणि बॅटरी सेव्हर किंवा एअरप्लेन मोड लावला तर चालेलच असं नाही. आता लांबच्या प्रवासात चार्ज उतरला की माणूस पहिलं काय करतो, बॅटरी सेव्हर लावतो. म्हणून आता गाडीत चार्जर कायम लावलेला असतो. त्याला खरीखुरी परीक्षा द्यायची वेळ आलेली नाही आणि न येवो, गाडी ठोकून तर बघणार नाही ना कोणी. पण तोच रस्ता, तेच स्पीडब्रेकर, आठ महिन्यांत एकदाही उगाच वाजला नाही, माझ्यासाठी हेच मोठं आहे. 10 पैकी 7 मार्क.

3 मार्क कशाचे कापले? एक तर ही सगळी चारचाकीची सोय आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली साधारण 44 टक्के दुचाकीवरची होती. माझा भाचा रोज बाइकवर हिंजवडीला जातो, त्याने मला विचारलं मामी मला कुठलं टाकू, माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेल्मेट घाल म्हणलं.

दुसरं म्हणजे नेटवर्क. फोनला कितीही कळू दे, रेंज नसेल तर तो सांगणार कोणाला? 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस दरीत गेली, 30 जण गेले, एकच वाचला, आणि तो दरीतून वर चढून रस्त्यावर आला तेव्हा जगाला कळलं. कोकणातल्या प्रत्येक घरात ही गोष्ट माहीत आहे, घाटात गाडी शिरली की सासूबाई अजून हात जोडतात. आयफोनमध्ये सॅटेलाइटवरून मदत मागायची सोय बाहेरच्या काही देशांत आहे, भारतात ती दिलेली नाही. म्हणजे आपल्या घाटात सगळा भरवसा टॉवरवर.

यावर आम्हाला जे कामाला आलं ते क्रॅश डिटेक्शन नाहीच, पिक्सेलच्या त्याच सेफ्टी अ‍ॅपमधला सेफ्टी चेक आहे. कोयनानगरला नवरा टाइमर लावतो, तासाभराचा. टाइमर संपला की फोन विचारतो ठीक आहेस का, उत्तर नाही आलं तर आम्हाला लोकेशन यायला लागतं. आणि मजा अशी की मधे रेंज गेली किंवा फोनच बंद पडला तरी टाइमर चालू राहतो आणि वेळ संपली की शेवटचं माहीत असलेलं ठिकाण येतं. धडक झाली का नाही याच्याशी त्याला देणंघेणंच नाही, तू पोचला नाहीस ना, मग कळवतो. आयफोनमध्ये आयओएस 17 पासून असाच चेक इन आहे, पण समोरच्याकडे पण आयफोन पाहिजे, मग सासूबाईंच्या साध्या फोनचं काय करणार.

तसंही मेसेज जायच्या यादीतून सासूबाईंचं नाव आम्ही काढलं. त्यांना सांगून काढलं, आधी रुसल्या, मग म्हणाल्या बरं केलंस. यादीत पहिली मी, दुसरे भाऊजी, आणि तिसरा पोफळीचा एक गॅरेजवाला, नवऱ्याच्या गाडीचं काम तोच करतो, घाटाच्या अगदी पायथ्याशी, त्याच्याकडे जीप आहे. ही कल्पना माझी. मी पुण्यात बसून रडण्यापलीकडे काय करणार होते, घाटात तो वीस मिनिटांत पोचू शकतो. त्याला आधी विचारलं, मेसेज इंग्लिशमध्ये येईल, असा असा दिसेल, लिंक दाबायची, तो म्हणाला वहिनी घाटात गाडी बंद पडली की लोक मलाच फोन लावतात, त्यात काय. आणि मी भाऊजींना बजावून ठेवलंय की 112 ला फोन केला तर पहिल्या वाक्यातच तालुका आणि घाटाचं नाव सांगायचं, आपण कुठून बोलतोय ते नंतर.

गेल्या महिन्यात रात्री पावणेदहाला मेसेज आला, नवऱ्याचं लोकेशन सुरू झालं म्हणून. पोटात गोळा आलाच, पण यावेळी सातवेळा फोन नाही केला. एकदाच त्याला, उचलला नाही, मग गॅरेजवाल्याला. तो म्हणाला, "वहिनी, साहेब इथेच आहेत, माझ्याकडे जेवायला बसलेत, टाइमर बंद करायला विसरले. देऊ का फोन?"

म्हणलं नको, जेवू दे त्याला, घरी आल्यावर बघते.