ग्वाल्हेरमधलं तयार कॅक्टस-बाग पॅकेज: काय घ्यावं, काय बदलून मागावं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका नर्सरीत 'कमी पाण्याची बाग' या नावाने मिळणारं पॅकेज असं आहे: शंभर चौरस फूट जागा, त्यात दहा बाय चार फुटांचा कॅक्टसचा वाफा, उरलेल्या जागेत सहा देशी झाडं-झुडपं, खाली काळं प्लास्टिक, वर पांढरे गोटे, ठिबकची नळी, हिरवी जाळी आणि तीस दिवसांची गॅरंटी. दोन माणसं दोन दिवसांत काम उरकतात आणि मांडणी खरोखर नीटस करतात. नर्सरीचं नाव इथे दिलेलं नाही, कारण थोड्याफार फरकाने अशी पॅकेजं इतरत्रही मिळतात आणि त्यांतल्या चुकाही याच असतात.

मे-जूनमध्ये इथे पारा 45 च्या पुढे जातो, लू चालते आणि तिघरा धरणाचं पाणी पुरवून पुरवून वापरावं लागतं. साहजिकच लोक अशी बाग घेतात ती उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून. पण ग्वाल्हेरात कॅक्टस उन्हाळ्यात फारसा मरत नाही. तो मरतो जुलै-ऑगस्टमध्ये, मुळाशी अडलेल्या कोमट पाण्यात. त्यातून वाचलेले जातात जानेवारीच्या धुक्यात, ओल्या मातीत गारठून. म्हणून पॅकेज पारखायचं ते पावसाळ्याच्या आणि थंडीच्या हिशेबाने. या कसोटीला झाडं बऱ्यापैकी उतरतात, वाफा मात्र उतरत नाही.

वाफा विटांचा आणि नऊ इंच उंच असतो. तळाला तीन इंच खडी, तिच्यावर बागेची माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं. खडी घातली की निचरा झाला, असं सांगतात. ते खरं नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत उतरतं ते वरची माती पूर्ण तुडुंब झाल्यावरच. तोवर ते खडीच्या बरोबर वर अडून राहतं, म्हणजे जिथे मुळं आहेत तिथेच. खडीमुळे मुळांना मिळणारी कोरडी खोली तेवढी तीन इंचांनी कमी होते. खडीवर होणारा खर्च विटांचे आणखी थर चढवायला वापरा आणि वाफा पंधरा इंच उंच करून मागा. तळ उघडा हवा, खाली सिमेंट नको. आतली माती एकाच मिश्रणाची, वरपासून खालपर्यंत सारखी.

दहा बाय चार फुटांच्या पंधरा इंच उंच वाफ्याला पन्नास घनफूट मिश्रण लागतं. त्यात जाड वाळू 20 घनफूट, विटांचे तुकडे 15, बागेची माती 10 आणि वर्षभर मुरलेलं शेणखत 5. वाळू दोन ते पाच मिलिमीटर दाण्याची, चाळलेली. गिलाव्याची बारीक वाळू चालत नाही, ती मातीचे कण धरून सिमेंटसारखी बसते. मध्य प्रदेशातल्या सिंध नदीची जाड चाळलेली वाळू मागा. वाळू चंबळची आहे असं कळलं तर घेऊ नका: राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात उपशाला बंदी आहे, आणि घडियाल अंडी घालतात ती याच वाळूत. विटांचे तुकडे वाटाण्यापासून बोराएवढे असावेत, आणि खिडकीला लावतात त्या मच्छरजाळीवर चाळून त्यांची भुकटी काढून टाकावी. वीट पक्की भाजलेली आहे ना, हेही बघा. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बोटाने चुरला गेला, तर पहिल्याच पावसाळ्यात वाफ्यात त्याचा चिखल होणार.

मिश्रण वाफ्यात ओतण्याआधी दहा इंची कुंडीत भरून वर एक लिटर पाणी ओता. अर्ध्या मिनिटाच्या आत खालून धार लागली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर माती जास्त झाली आहे, आणखी वाळू घालावी लागेल. वाफा भरताना मध्यभागी चार इंच उंचवटा ठेवा, कारण पहिल्या पावसात मिश्रण खाली बसतं.

जागा निवडायच्या आधीची एक परीक्षा नर्सरीचे लोक करत नाहीत, ती आपण करून घ्यावी. एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता घड्याळ लावा. तासाला एक इंचापेक्षा कमी पाणी उतरलं तर त्या जमिनीत कॅक्टस सपाट लावून चालणार नाही. किल्ल्याच्या डोंगरालगतच्या मुरमाड जागेत निकाल एक येईल, भराव टाकलेल्या प्लॉटवर दुसरा.

काळं प्लास्टिक पूर्णपणे नाकारा. तण येत नाही म्हणून ते अंथरतात, पण त्याखाली पाऊस अडकतो, हवा जात नाही आणि देशी झाडांच्या खोडाशी पांढरी बुरशी धरते. दोन इंच जाड दगडी आच्छादन असलं की तण आपोआप कमी होतं, आणि जे येतं ते ओढलं की मुळासकट निघतं.

पांढरे गोटे हा या पॅकेजमधला सगळ्यात वाया जाणारा खर्च. त्यात बरेचदा संगमरवराचे तुकडे असतात. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच दगड, तो हळूहळू मातीचा सामू (pH) वाढवतो. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर कॅक्टसची वाढ खुंटते आणि शेंडा पिवळट पडतो. शिवाय मेमधलं ऊन पांढऱ्या गोट्यांवरून उसळून झाडाच्या खालच्या अंगाला भाजतं. दगड ओळखायला व्हिनेगरचे चार थेंब पुरे. फेस आला तर चुना आहे. ग्वाल्हेरचा स्वतःचा वालुकाश्म इतका उत्तम असताना संगमरवर आणण्याचं कारणच नाही. दगड कापणाऱ्या कारखान्यांबाहेर त्याच्या चिपा पडलेल्या असतात, त्या सामूला धक्का लावत नाहीत आणि फिकट हिरवट-करड्या रंगात काटे फार सुंदर दिसतात.

आता झाडं. कॅक्टसच्या ट्रेमध्ये साधारण पंधरा रोपं मिळतात: गोल्डन बॅरल, मॅमिलेरिया, फेअरी कॅसल, सशाच्या कानांसारखा ओपन्शिया आणि दोन-तीन लाल-पिवळ्या टोपीचे मून कॅक्टस. मून कॅक्टस बदलून घ्या. ती रंगीत टोपी दुसऱ्या कॅक्टसवर बांधलेलं कलम असतं. टोपीत हरितद्रव्य नसतं, आणि खालचा तीन धारांचा हिरवा खुंट उष्ण, दमट प्रदेशातला. ग्वाल्हेरात जानेवारीच्या रात्री पारा पाचच्या खाली उतरला की आधी खुंट काळा पडतो आणि मग टोपी कोसळते. त्याऐवजी आणखी एक गोल्डन बॅरल किंवा फेरोकॅक्टस मागा. मुळं कोरडी असली तर हे दोघेही इथली थंडी काढतात.

रोप हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका. गोल कॅक्टसच्या डोक्यावर कागदासारखं करकरीत फूल दिसलं तर त्याच्या बुडाशी नखाने हलकेच उचकून बघा. खाली गोंदाचा पारदर्शक, कडक थेंब सापडला तर ते वाळवलेलं फूल चिकटवलेलं आहे. तो गोंद नेमका शेंड्यावर, वाढीच्या बिंदूवर बसतो. खरं फूल काट्यांच्या लोकरी ठिपक्यातून किंवा त्याच्या शेजारून निघतं आणि त्याची देठी झाडाच्या कातडीशी एकजीव असते. कुंडीवरचे खडेही कधी गोंदाने एकसंध जोडलेले असतात, मग पाणी आत जात नाही आणि गेलेलं सुकत नाही. असे खडे फोडून काढावेत.

रोपाच्या मुळांभोवती कोकोपीटचा गड्डा असतो. मजूर तो तसाच वाफ्यात बसवतात, कारण वेळ वाचतो. आजूबाजूचं मिश्रण चार दिवसांत सुकतं आणि मधला गड्डा पंधरा दिवस ओला राहतो. सड सुरू होते ती तिथून. गड्डा बोटांनी आणि काडीने पूर्ण मोकळा करा, तुटलेली मुळं कापा, रोप सावलीत वर्तमानपत्रावर पाच ते सात दिवस सुकू द्या, कोरड्या मिश्रणात लावा आणि त्यानंतर आठवडाभर पाण्याचा थेंबही देऊ नका. दोन दिवसांत काम पुरं करणाऱ्या पॅकेजमध्ये हे बसत नाही, म्हणून रोपं आठवडाभर आधी मागवून घेणं सोयीचं. नर्सरीत रोपाची जी बाजू दक्षिणेला होती तिथे खडूने खूण करा आणि लावताना तीच बाजू दक्षिणेला ठेवा. जाळीखाली वाढलेल्या अंगावर थेट ऊन पडलं की पांढरे, बुचासारखे डाग पडतात. ते कधीच जात नाहीत.

सशाच्या कानांचा ओपन्शिया दिसतो गोजिरवाणा, पण त्याचे ठिपके म्हणजे शेकडो बारीक, उलट्या दातांच्या कुसळांचे झुबके. घरात लहान मूल असेल तर तो वाफ्याच्या मागच्या कडेला लावा. कुसळं चिकटपट्टीने निघतात, चोळलं तर आणखी आत जातात.

ट्रेमधली एक-दोन झाडं कॅक्टस नसतातच, थोराच्या कुळातली असतात. ओरखडा काढला की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर इजा करतो, तेव्हा छाटणीला हातमोजे आणि चष्मा हवाच. थोराच्या कुळातल्या काही जाती आपल्याकडच्या रानातल्या आहेत, पण बाजारात मिळणारा एकही कॅक्टस आपला नाही. सगळे अमेरिका खंडातले. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा तिकडूनच आलेला.

म्हणून या पॅकेजमधला खरा मोलाचा भाग म्हणजे ती सहा देशी झाडं, आणि नर्सरी त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोलते. यादीत शमी, हिंगणबेट, नेपती, करवंद, काटेकोरांटी आणि गुग्गुळ असतात. निवड अव्वल आहे. चंबळच्या खोऱ्यातल्या घळींमध्ये नेपती, हिंगणबेट आणि गुग्गुळ कुणीही पाणी न घालता उभे असतात. नेपती म्हणजे इथल्या बोलीतला करील, ज्याच्या टेंट्यांचं, म्हणजे फळांचं, लोणचं घालतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी बिनपानांच्या हिरव्या काड्यांवर विटकरी फुलं येतात, तेव्हा त्याच्यापुढे कुठलाही परदेशी कॅक्टस फिका पडतो.

शमी घेताना नीट बघा. दसऱ्याला 'मांढरे की माता' मंदिरात होणाऱ्या शमीपूजनामुळे हे झाड ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे, तरी रोपं देताना गल्लत होते. शमीचे काटे छोटे, सरळ, आणि दोन पेरांच्या मधल्या काडीवर विखुरलेले. विलायती बाभळीचे काटे लांब, जोडीने, आणि बरोबर पेरावर. विलायती बाभूळ अंगणात शिरली तर मुळापासून काढणं अवघड. शमी भिंतीपासून पंधरा फूट दूर लावा. शंभर चौरस फुटांत ती मावत नाही, हे नर्सरीने आधी सांगायला हवं. जागा नसेल तर शमीऐवजी दुसरी नेपती घ्या.

देशी रोपं मोठी मागण्याचा मोह टाळा. नेपती आणि शमीचं सोटमूळ खोल जातं. चार फुटांचं रोप लहान पिशवीत असेल तर ते मूळ तळाशी गुंडाळलेलं असतं, आणि असं झाड दोन उन्हाळे रखडून तिसऱ्याला वाळतं. लांबट पिशवीतलं फूट-दीड फुटाचं रोप बरं. गुग्गुळ जगभरात अतिसंकटग्रस्त यादीत आहे, तेव्हा नर्सरीत छाटापासून तयार केलेलंच घ्या, रानातून उपटून आणलेलं नको.

ठिबकची नळी देशी झाडांकडे वळवा, कॅक्टसच्या वाफ्याला ती नको. मजूर सगळ्यांना एकाच नळीवर बसवतात, आणि इथेच सगळं बिघडतं. देशी रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला आठ ते दहा लिटर पाणी लागतं, म्हणजे ताशी चार लिटरच्या ड्रिपरने दोन-अडीच तास. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. तिसऱ्या वर्षी नळी काढून ठेवा. कॅक्टसला मार्च ते जून आठ-दहा दिवसांनी, तेही सूर्य मावळल्यावर. दुपारी पाइपात तापलेलं पाणी मुळं शिजवतं. जुलै ते सप्टेंबर काही नाही. ऑक्टोबरमध्ये दोन-तीनदा, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बंद.

हिरवी जाळी 75 टक्के सावलीची देतात. त्याखाली कॅक्टस शेंड्याकडे निमुळता आणि फिका होत जातो. 35 टक्क्यांची मागा, एप्रिल ते जून बांधा आणि नंतर सोडा. जाळी पाऊस अडवत नाही. त्यासाठी वाफ्यावर सात फूट उंचीवर, चारही बाजू मोकळ्या ठेवून, उताराचा पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा हवा. पॅकेजमध्ये तो नाही. गोट्यांचे वाचलेले पैसे यावर घाला.

'पावसाळी सवलत' म्हणून जुलैत हे पॅकेज विकतात. देशी झाडांना जुलै अगदी योग्य, कॅक्टसला सगळ्यात वाईट. काम दोन टप्प्यांत मागा: देशी झाडं जुलैत, कॅक्टस फेब्रुवारीच्या मध्यानंतर. गॅरंटीचा मुद्दाही इथेच येतो. फेब्रुवारीत लावलेल्या कॅक्टसची सड तीस दिवसांत दिसत नाही, ती ऑगस्टमध्ये दिसते, बुडाशी दाबून पाहिल्यावर बोट आत जातं तेव्हा. आगाऊ रक्कम देण्याआधी बिलावर 30 सप्टेंबरपर्यंतची गॅरंटी लिहून घ्या, आणि त्याच बिलावर मिश्रणाचं प्रमाणही घनफुटांत लिहायला लावा.