मागचं चाक धरत होतं, आणि मास्टर सिलिंडरच्या नावाखाली माझ्याकडून 18,740 रुपये घेतले

आधी आकडे सांगते, कारण ऐकणारे म्हणतात, "गेले असतील हजार-दोन हजार." नाही. 24 जुलै 2025 ला गॅरेजवाल्याला 18,740 रुपये दिले. 2 ऑगस्टला 'सेटिंग'चे वर 500. 10 ऑगस्टला सिमरोलहून गाडी ओढून आणायचे 1,800. एकूण 21,040. खरा बिघाड होता हँडब्रेकच्या डाव्या केबलमध्ये. केबल 620 ची, मजुरी 450.

गाडी आमची 2016 ची वॅगन आर. जूनच्या शेवटी आईच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला गेले. हे पीथमपूरला कंपनीच्या बसने जातात, त्यामुळे गाडी इंदूरच्या राजेंद्र नगरात घरासमोर अठरा दिवस पावसात उभी होती, हँडब्रेक कचकचून ओढलेला. परत आल्यावर हँडब्रेक सोडला, पहिला गिअर टाकला, तर गाडी हलेना. जरा रेस केल्यावर मागून खट् असा आवाज आला आणि निघाली. पावसाळ्यात ब्रेक शू (आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला, चिकटतात, एकदा सुटले की झालं, हे मला ठाऊक होतं. सोळा वर्षं गाडी चालवतेय, अगदीच अडाणी नाही मी. पण पुढच्या चार-पाच दिवसांत उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सरकेना, ॲव्हरेज 17 वरून 13 वर आलं, आणि एका संध्याकाळी घरी आल्यावर जळका वास आला. डाव्या मागच्या चाकाच्या रिमला हात लाववेना. उजवं मागचं चाक मात्र नेहमीसारखं थंड.

गॅरेजमध्ये गेल्या गेल्या मी हेच सांगितलं. फक्त डावं मागचं तापतंय. माझ्याच तोंडाने सांगितलं. आणि तरी पुढच्या अर्ध्या तासात त्याने मला पटवलं की मास्टर सिलिंडर आणि बूस्टर (पेडलवर पायाचा जोर वाढवणारा भाग) दोन्ही गेलेत! मास्टर सिलिंडर अडकला तर एकटं एक चाक कसं तापेल? तो सगळ्या चाकांना ब्रेकचं तेल पाठवतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी विभागलेली असते, डावं मागचं आणि उजवं पुढचं एका लाइनवर. म्हणजे अर्धा जरी बिघडला तरी पुढचं एक चाक सोबत तापायला हवं. हे मला आज कळतंय. पण एवढं साधं तेव्हा का नाही सुचलं, याचा त्रास पैशांपेक्षा जास्त होतो.

बूस्टरचं नाटक तर सगळ्यांनी लक्षात ठेवावं. त्याने इंजिन बंद करून मला सीटवर बसवलं. "ब्रेक दबाइए मॅडम. और. और." तीन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक झालं. "देखा? बूस्टर गया." मी घाबरले. अहो, इंजिन बंद असताना कुठल्याही धडधाकट गाडीचं पेडल तीन-चार वेळा दाबल्यावर कडक होतंच, कारण बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपतो. खरी तपासणी त्याच्या पुढची आहे: पेडल दाबून धरायचं आणि इंजिन सुरू करायचं. पाय जरासा खाली गेला तर बूस्टर ठीक. ते त्याने केलंच नाही, मला तसंच खाली उतरवलं. तुमच्या गाडीत आत्ता जाऊन करून बघा, दोन मिनिटं लागतात.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा मी म्हटलं, जुने पार्ट दाखवा. (एवढी अक्कल होती.) त्याने मास्टर सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला. मी तो तसाच पिशवीत टाकला, घरी आणला, बाल्कनीत ठेवला. कागद कोरडाच होता. चुकलं ते तिथे. दुपारी गाडीतून काढलेला मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलने चिपचिपीत असतो, कागद भिजून पारदर्शक व्हायला हवा होता. माझ्या हातातल्या त्या लोखंडावर काळं ग्रीस वाळून पापुद्र्यासारखं झालं होतं आणि वर धूळ होती. मी ती धूळ बोटाने पुसली. पुसली, आणि काही विचारलं नाही. कुठल्या तरी भंगारातल्या गाडीचा तुकडा मी पैसे मोजून घरी आणला.

बिलात लिहिलं होतं: मास्टर सिलिंडर 4,200, बूस्टर 6,800, दोन व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ढकलणारे, चाकातले) 2,200, ब्रेक शू 1,450, ड्रम लेथवर मारणे 900, ब्रेक ऑइल 590, मजुरी 2,600. वर 'एस्टिमेट' छापलेलं, जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयने घेतले तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर. मी विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे. काम ब्रेकचं होतं, पुढच्या महिन्यात सासूबाईंना ओंकारेश्वरला न्यायचं होतं, अंगणात अंधार पडत होता. ब्रेकच्या बाबतीत कोण घासाघीस करतं? त्यांना हेच माहीत असतं. क्लचचं सांगितलं असतं तर मी दुसऱ्या ठिकाणी विचारलं असतं.

चाक तरीही तापत होतं. 2 ऑगस्टला परत गेले तर "नया लेदर है, बैठेगा" (लेदर म्हणजे शूवरचं अस्तर) म्हणून हँडब्रेकची नटी फिरवली आणि 500 घेतले. तीही चूकच. आधी शू ॲडजस्ट करायचे, मग केबल. नुसती केबल आवळली की शू कायम ड्रमला टेकून राहतात.

राखीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सासूबाईंना घेऊन ओंकारेश्वरला निघाले. तेजाजीनगरच्या पुढे गाडी जड वाटायला लागली. सिमरोलपाशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मागून धूर येतोय का?" येत होता. मी बाजूला घेतली. एक टपरीवाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला, त्याला मी थांबवलं. तापलेल्या ड्रमवर पाणी कधी टाकू नका, तडा जातो. पुढे भेरूघाट होता. मागचं चाक असंच घासत राहिलं असतं तर उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत जाऊन ब्रेक ऑइल उकळलं असतं. डॉट 3 तेल नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओल धरलेलं त्याच्या बरंच आधी. तेलात वाफ झाली की पेडल स्पंजासारखं होतं. घाटात. सत्तरीच्या बाई मागे बसलेल्या. त्या गॅरेजवाल्याला मी माफ करणार नाही ते यासाठी, पैसे नंतर.

जाऊबाईंनी भंवरकुव्याजवळच्या गल्लीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. चाचा म्हणतात त्यांना सगळे. त्यांनी काही न विचारता पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचं चाक जॅकवर उचललं, हँडब्रेक सोडून हाताने फिरवून पाहिलं. फिरेना. लिव्हरखालची नटी पूर्ण सैल केली, तरी फिरेना. मग चाकामागचा ब्लीडिंगचा निपल (ब्रेकचं तेल बाहेर सोडायची तोटी) जरा उघडला. तेलाची पिचकारी आली नाही, चाक सुटलं नाही. म्हणजे तेलाचा दाब अडकलेला नाही, मास्टर सिलिंडरचा आणि रबरी होजचा संबंध संपला. मग ड्रम काढून आतला हँडब्रेकचा लिव्हर स्क्रूड्रायव्हरने मागे ढकलला. केबलचं टोक जागचं हललं नाही. आवरणात पाणी शिरून तार गंजली होती, ओढली जात होती पण परत येत नव्हती. सगळं मिळून वीस मिनिटं.

मग बॉनेट उघडून त्यांनी बोट ठेवलं. कंपनीत नट आवळल्यावर रंगाची एक रेघ ओढतात. मास्टर सिलिंडरच्या नटांवरची पिवळी रेघ नटावरून थेट बॉडीवर गेलेली, सलग. बूस्टरची तशीच. 2016 पासून तिथे पाना लागलाच नव्हता. शू मात्र खरंच नवे होते, डावीकडचा व्हील सिलिंडरही नवा होता. तेवढं खोटं मी बोलणार नाही.

घरी मी नऊ हजारच गेले असं सांगितलं होतं. पंधरा दिवस खरा आकडा तोंडातून निघाला नाही.

पोलीस ठाण्यात गेले. "गाडी चल रही है ना? सिविल मॅटर है." मी म्हटलं, न टाकलेल्या पार्टचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही? उत्तर आलं, रस्त्याच्या पलीकडचं गॅरेज आमच्या हद्दीत नाही. पलीकडच्या ठाण्यात म्हणाले, अलीकडच्यांकडे जा. तिसऱ्या फेरीत दीड तास बाकावर बसवून लेखी अर्ज घेतला, पोच दिली नाही. मग एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली. नऊ दिवस कुणाचा फोन नाही, दहाव्या दिवशी मेसेज: शिकायत का निराकरण किया गया. मी फोन करून विचारलं, कसलं निराकरण? म्हणे, गॅरेजवाल्याशी बोललो, त्यांनी काम केलंय असं सांगितलं. चोराला विचारून तक्रार बंद! माझी बाजू विचारायला एक फोन झाला नाही. वाहतुकीच्या कार्यालयात गेले तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, हे आमचं काम नाही. मग काम कुणाचं आहे ते तरी सांगा! रंगाची रेघ दाखवायला मी गाडी दारात नेऊन उभी केली होती, बघायला कुणी दहा पावलं आलं नाही.

आता ग्राहक आयोगात अर्ज करतेय. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून भरता येते. आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नोंद करा. पक्कं बिल मागाच, पण नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका. गाडी देण्याआधी इंजिनचे आणि नटांचे फोटो काढा. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाटीवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा, हँडब्रेक ओढू नका.

अर्जासोबत द्यायला चाचांनी नटांच्या फोटोंवर तारीख टाकून सही केलीय. तो मास्टर सिलिंडर अजून बाल्कनीत आहे, त्याच वर्तमानपत्रात. ऑक्टोबर उजाडला, कागदावर तेलाचा एक डाग नाही.